वाढदिवसाखाली दबलेले नंबर

वेबसाइट उघडली की आधी गुलाबाच्या पाकळ्या पडल्या पाहिजेत, असं सांगणारं गिऱ्हाईक नाजियाला पहिल्यांदा भेटलं ते परतवाड्याला, एका मंगल कार्यालयाच्या मालकाच्या रूपात. त्या दिवशी ती मनापासून हसली होती. पुढं कुणाला सनई हवी झाली, कुणाला स्वतःचा गोल फिरणारा फोटो, आणि एका दातांच्या डॉक्टरला तर पानभर उडणारी फुलपाखरं. ऐकून ऐकून तिचं हसू आटलं. त्या जागी शिसारी येऊन बसली, ती काही उठली नाही.

अकोटात तिला 'वेबसाइटवाली बाई' म्हणत. एस.टी. स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर तिची खोली होती. एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि दोन खुर्च्या. गिऱ्हाईक फार वेळ ठाण मांडून बसू नये म्हणून त्यातली एक मुद्दाम डुगडुगती ठेवलेली. बीएस्सी अमरावतीला झालं आणि तिथल्याच एका सायबर कॅफेत ती वर्डप्रेस शिकली. वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट उभी करायचं तयार सामान. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणालाही फुकट मिळणारं. आतून उघडून बघा, हवं तसं बदला, कुणी हटकणार नाही. माणसं आपली विद्या अशी चव्हाट्यावर मांडून ठेवतात आणि म्हणतात, घ्या, याचं तिला त्या वयात फार अप्रूप वाटलं होतं. गावी परतल्यावर कळलं की या फुकटपणाचा लोक एकच अर्थ काढतात.

"सामान फुकटचं हाये, तं तू पैसे कायचे घेतं?" असं तिला निम्म्या अकोटानं विचारलं असेल. मग तुमीच बनवा, असं ती गोड आवाजात सांगे.

तिचा राग तसा घरचाच होता. वडील अब्दुल गफ्फार हे गावातले जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, जिनिंगच्या भिंती, ट्रकच्या पाठी, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि ब्रश डब्यात सुकले. तेही एक वेळ ठीक, धंदे येतात नि बुडतात. पण कशापायी बुडावं? तर चौकाचौकात गॉगल लावून हात जोडून उभ्या असलेल्या वाढदिवसांपायी! वर मोठे नेते, मधे सत्कारमूर्ती, आणि खाली मुंग्यांच्या रांगेसारखी शुभेच्छुकांची नावं. अब्बा तिकडे मान वळवून बघतही नसत. "पाटी वो, जो चलती बस से पढी जाए," एवढंच म्हणत. नाजियानं तेच वेबसाइटला लावलं होतं. पान असं हवं की सतपुड्याच्या पायथ्याला, जिथे रेंजसाठी माणसाला मोबाइल घेऊन धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छपरावर, चढावं लागतं, तिथंही ते तव्यावरची भाकर उलटायच्या आत उघडलं पाहिजे.

म्हणून ती पानं सोलून काढायची. वर्डप्रेसला जोडायचे जे फुकटचे तुकडे असतात, प्लगीन म्हणतात त्यांना, ते लोक पंगतीत जिलबी वाढावी तसे भरतात. नाजिया ते उपटून टाकायची. फोटो आवळून लहान करायची. दर वेळी पान नव्यानं रांधायला लागू नये म्हणून एकदाच तयार करून ठेवायची आणि मागणाऱ्याला तेच पुढं करायची. या कामात तिचा हात बसला होता. गिऱ्हाइकांना मात्र तिनं काय केलं ते कधी दिसत नसे, कारण तिनं जे केलेलं असे ते सगळं काढून टाकण्याचं असे. दिसतं काय, तर पांढरं पान आणि काळी अक्षरं. "हे तं रिकामंच दिसून राहिलं," असं म्हणून ते नाक मुरडत आणि पाकळ्या मागत.

मग ते तुरीचं वर्ष आलं. दोन हजार सतरा. कापसानं लागोपाठ दगा दिलेला, म्हणून साऱ्या वऱ्हाडानं तूर पेरली, पाऊस बरा झाला, आणि तूर इतकी पिकली की बाजारात तिला कुणी विचारेना. सरकारनं हमीभावानं खरेदी सुरू केली. अकोट भागात ती एका खरेदी-विक्री संस्थेकडे होती. दोन दिवस काटा चाले आणि बारदाना संपे. पोतीच नाहीत, तर तूर भरणार कशात? मग नवी पोती येईपर्यंत सगळं ठप्प. टोकन घेतलेली माणसं यार्डात आपापल्या ढिगाशी उन्हात बसून. दिवसा शेळ्या हाका, रात्री डुकरं हाका. नंबर कधी लागेल ते कुणी सांगेना, आणि संस्थेच्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. नंबर पुकारला आणि माल हजर नसला, तर टोकन मेलं.

संस्थेचे ग्रेडर महादेवराव यांच्या वाट्याला रोजच्या शिव्या होत्या. तूर चाळणीत घालून बघायची आणि चांगली-वाईट ठरवायची, हे त्यांचं काम. बारदाना आणणं काही त्यांच्या हातात नव्हतं. एका सकाळी ते माडी चढून आले.

"नाजियाबाई, एक पान बनवून दे. आज बारदाना आला का नाई, अन् आज कोनते नंबर. बस, एवढंच. लोकं घरून पाहून येतीन. माया जीव तं वाचन."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे 'एवढंच' मागत होतं. तिनं ते पान एका दिवसात उभं केलं. दोन ओळी, खाली तारीख, संपलं. महादेवराव सकाळी मोबाइलवरून नंबर भरत आणि पायथ्याच्या गावांत ते क्षणात उघडत असे. आठवडा गेला आणि यार्ड मोकळं झालं. लोक तूर घरी ठेवत, पान बघत, नंबराच्या दिवशी ट्रॅक्टर करून येत आणि संध्याकाळी परत जात. नाजिया एकदा मुद्दाम यार्डावरून चक्कर मारून आली. रिकामी जागा बघून माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

याच पानापायी तिची दुर्गाबाईशी ओळख झाली. दुर्गाबाई चिंचखेडची, अकोटच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीतलं गाव. बाजाराला आली की माडी चढून यायची, घोटभर पाणी प्यायची आणि विचारायची, "पोरी, आमचा नंबर किती दूर हाये अजून?" पान मोबाइलवर दिसतं हे तिला माहीत होतं, तिची लेक आचल रोज बघायची. तरी तिला नाजियाच्या तोंडून ऐकायचं असे. कारणही तसंच होतं. आचल बारावी झाली होती आणि तिला अमरावतीला नर्सिंगला जायचं होतं. बाप नत्थुजी म्हणत होते, उन्हाळ्यात स्थळ आलं आहे, उरकून टाकू. घरात बरंच वाजलं, आणि शेवटी नत्थुजींनी तोड काढली. तूर हमीभावानं गेली तर नर्सिंग, व्यापाऱ्याच्या दारात गेली तर लग्न.

"आता तुरीच्या हाती देल्ली पोट्टी," दुर्गाबाई म्हणाली होती. "पाहू."

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. बरं चाललेलं आपल्याकडे कुणाला बघवत नाही.

संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव यांना कुणीतरी सांगितलं की तुमच्या संस्थेचं पान आता गावोगाव बघतात. हे ऐकून दुसरा एखादा म्हणाला असता, छान झालं. भगवंतरावांनी विचारलं, "मंग माया फोटू कुटी हाये त्याच्यावर?" त्यांनी पानाची चाबी, म्हणजे पासवर्ड, मागून घेतली. संस्था त्यांची, पान संस्थेचं. नाजियाला देणं भाग होतं. आणि तोंडावर त्यांचा वाढदिवस होता.

फ्लेक्सवाल्यानं चौकातल्या बोर्डासाठी केलेली भली दांडगी फाइल जशीच्या तशी पानाच्या डोक्यावर चढवली गेली. पाठोपाठ संचालकांनी आपापले शुभेच्छाफलक पाठवले. कुणाचा वाघासोबत, कुणाचा ट्रॅक्टरवर, एकाचा तर विमानाच्या पायऱ्यांवर, जो बापजन्मी विमानात बसला नव्हता. सगळे सरकत्या पट्टीत, एकामागून एक. नंबरांच्या दोन ओळी त्याखाली कुठंतरी गाडल्या गेल्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर नाकच दिसेनासं झालं. चिंचखेडला पान उघडेना. नाजियाजवळची चाबी अजून चालत होती.

तिनं त्या फाइली आवळून नखाएवढ्या हलक्या केल्या. दुसऱ्या दिवशी भगवंतरावांचा फोन.

"बेटा, खालची नावं वाचता येऊन नाई राहिली."

"कोनती नावं, साहेब?"

"शुभेच्छुकांची. मोठं केलं की फुटून राहिलं सगळं. अवं, त्याच तं नावावर संस्था चालते. निवडनूक हाये दिवाळीनंतर. माया चेहरा नाई दिसला तरी चालन, पन नावं दिसली पाह्यजे."

आता याला काय म्हणावं! शंभरावर नावं, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत. ती मोबाइलवर वाचता यायची म्हणजे चित्र डोंगराएवढं राहणार, आणि डोंगराएवढं चित्र चिंचखेडच्या रेंजमधून ओढायचं म्हणजे सुईच्या नेढ्यातून बैल. नाजियानं समजावून बघितलं. गाढवापुढे वाचली गीता. मग तिनं वाद सोडला आणि वेगळी वाट काढली.

वर्डप्रेसला एक कळतं. पान बघणारा चाबी लावून आत आलेला आहे, की बाहेरून येणारा साधा माणूस, हे त्याला ओळखता येतं. नाजियानं त्याला सांगून ठेवलं की चाबीवाला आला तर त्याला वाढदिवस दाखव, बाकीच्यांना नुसते नंबर. अध्यक्ष आणि सगळे संचालक यांच्या मोबाइलमध्ये तिनं स्वतः चाबी लावून दिली. "आता पाहा साहेब, कसं झकास दिसते." ते बघत, एकमेकांना दाखवत, कुणाचा फलक कुणाच्या आधी सरकतो यावर भांडत. गावातला माणूस दोन ओळी बघत असे आणि आपल्या कामाला लागत असे. पानाला दोन दारं झाली आणि दोन्हीकडचे लोक सुखी झाले. असली लबाडी करावी लागली याचीही नाजियाला किळस आली, पण नंबर उघडत होते, तेवढ्यावर तिनं मन समजावलं.

हे फुटलं ते एका शुभेच्छुकामुळे, आणि तो शुभेच्छुक म्हणजे खुद्द नत्थुजी.

भगवंतरावांच्या फलकाला नत्थुजींनी वर्गणी दिली होती आणि तिसऱ्या ओळीत त्यांचं नाव छापलं गेलं होतं. आपलं नाव आता इंटरनेटवर आहे, असं ते पारावर सांगून बसले. चार जणांनी म्हटलं, दाखवा. आचलचा मोबाइल मागवला, धाब्यावर चढले, पान उघडलं, आणि त्यावर बारदाना व नंबर याखेरीज काही नव्हतं. पारावर खसखस पिकली. नत्थुजींना ते इतकं लागलं की दुसऱ्याच दिवशी पहिल्या एस.टी.नं, लेकीचा मोबाइल खिशात घालून, ते थेट भगवंतरावांच्या बैठकीत हजर झाले. भगवंतरावांनी आपल्या मोबाइलवर पान उघडलं, नाव होतं. नत्थुजींनी आपल्यावर उघडलं, नव्हतं. दोन मोबाइल शेजारी शेजारी धरले गेले. मग नाजियाला बोलावणं आलं.

भगवंतराव ओरडले नाहीत. ते ओरडत नसत, हेच त्यांच्यातलं वाईट होतं.

"काहून बेटा, मले एक पान अन् लोकाले दुसरं? मी काय येडा वाटलो तुले?"

"साहेब, ते भारी पान गावात उघडाले पाच-सात मिनटं लागतात. लोकं तोवर बंद करतात. नंबर दिसतच नाई त्यायले."

"मंग थांबतीन पाच मिनटं. यार्डात तं आठ-आठ दिवस थांबून राहिले होते."

बैठकीत दोघं-तिघं हसले. नाजियाच्या डोक्यात तिडीक गेली. ती नत्थुजींकडे वळली. त्यांना ती दुर्गाबाईचे मालक म्हणून ओळखत होती.

"काकाजी, तुमचाच नंबर येऊन राहिला चार-दोन दिवसांत. दिसला नाई, तं?"

नत्थुजी सतरंजीची दशी ओढत बसले होते. "थे पाहू आमी, बाई," ते म्हणाले. "पन नाव तं पाह्यजे ना तिथं. गावात हासून राहिले लोकं."

तिला वाटलं होतं, निदान हा माणूस आपल्या बाजूनं बोलेल. भगवंतरावांबद्दल तिला कधी भ्रम नव्हता. पण ज्यांच्यासाठी हा आटापिटा, तेच येऊन अंगावर वाढदिवस मागत होते, आणि हे दिसल्यावर तिला सगळ्याच माणसांचा वीट आला. भगवंतराव म्हणाले, आत्ता माझ्यासमोर बदल, नाहीतर दुसरा माणूस बघतो, तो सगळंच बदलून टाकेल. दुसरा आला तर त्या दोन ओळीसुद्धा ठेवणार नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तिनं एका सेटिंगपुढची बरोबरची खूण काढून टाकली आणि सेव्ह दाबलं. दुसरं दार बंद झालं.

तिनं आणखी एक केलं. नुसत्या नंबरांचं एक कोरं पान वेगळ्या पत्त्यावर मांडलं आणि तो पत्ता महादेवरावांकडून यार्डातल्या फळ्यावर खडूनं लिहून घेतला. लिहून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की फळा ज्यांना दिसतो ते यार्डातच आहेत आणि ज्यांना पत्ता हवा ते घरी. चिंचखेडला निरोप धाडावा म्हणून तिनं आचलचा नंबर लावला. फोन लागेना. धाब्यावर कुणी असेल तेव्हाच तो लागायचा.

त्या आठवड्यात सरकारनं खरेदी बंद व्हायची तारीख जाहीर केली आणि यार्डात एकदम गर्दी उसळली. शेवटून दुसऱ्या दिवशी बारदान्याचा ट्रक आला. महादेवरावांनी पहाटेच नंबर भरले. दुर्गाबाईचा नंबर त्यात होता. दुपारी पुकारा झाला, माल नव्हता, काटा पुढे गेला. दुसऱ्या दिवशी उरलेले नंबर संपले, पोतीही संपली आणि खरेदी बंद झाल्याचा कागद फाटकावर चिकटला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, पान उघडायची वाट बघणं सोडून, ट्रॅक्टरवर तूर घालून नत्थुजी आणि दुर्गाबाई अकोटात आले. फाटकावरचा कागद त्यांनी पाहिला. तिथूनच ट्रॅक्टर एका व्यापाऱ्याच्या दारात गेला, आणि ट्रॅक्टर रिकामा झाल्यावर दोघं माडी चढून आले. नत्थुजी खुर्चीत बसले. दुर्गाबाईला नाजियानं पाणी पुढं केलं, ते तिनं घेतलं नाही.

"पोरी, आमचा नंबर आला होता का?"

नाजियानं पान उघडलं. शहरातल्या वायरवर ते लगेच उघडलं. फेटा बांधलेले भगवंतराव, मागे उगवता सूर्य, वर कमळं. ती घाईनं खाली सरकवू लागली तसे नत्थुजी खुर्चीतून पुढं झाले.

"थांब, थांब बाई."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि नावांवरून हळूहळू फिरवलं. तिसऱ्या ओळीत ते थांबलं. "हे पाय," ते बायकोला म्हणाले. "मी म्हनलो नव्हतो?" त्यांच्या आवाजात आनंद होता. तो त्यांना लपवता आला नाही, आणि नाजियाला वाटलं, याच्या कानफटात मारावी.

ती पान खाली नेत राहिली. वाघ गेला, ट्रॅक्टर गेला, विमान गेलं. अगदी तळाशी, होऊन गेलेल्या नंबरांत, परवाची ओळ होती, आणि त्या ओळीत दुर्गाबाईचा नंबर. दुर्गाबाईनं तो वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"होता तं," ती म्हणाली. "त्या दिवशी आचल सकाळपासून चार खेपा धाब्यावर चढली. नुसतं गोल गोल फिरून राहिलं होतं. म्हने, माय, फोटू येऊन राहिला, थांब."

खाली झेरॉक्सच्या दुकानात मशीन चालू होतं. दुर्गाबाईनं पदर नीट केला, जिन्याकडे निघाली, आणि वळून नवऱ्याला अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पत्रिकेतबी छापजा हे नाव. मोठ्ठं."

नत्थुजींनी मान वर केली नाही. त्यांनी पान पुन्हा वर सरकवायला सांगितलं नाही, आणि नाजियानंही ते सरकवलं नाही.